नदीचा नकाशा कुणाच्या बापाचा?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही वस्तीतले पाच जण एका कार्यालयात गेलो. मिठी नदीच्या 'पुनरुज्जीवना'चा नकाशा भिंतीवर लावलाय, हरकती-सूचना घेताहेत, असं कळलं होतं. नकाशा खरंच लावला होता. चकचकीत, रंगीत, भिंतभर. मधून निळी रेघ वाहत होती. निळा म्हटल्यावर आपला जीव उगाच हरखतो. मी जवळ गेलो आणि आपलं घर शोधायला लागलो.

घर नव्हतं. कुर्ल्याची आमची वस्ती जिथं आहे तिथं लाल तिरप्या रेघा होत्या. खाली सूचीत बघितलं. लाल रेघा म्हणजे 'अतिक्रमण'. शेजारी विमानतळ होता, त्याला नाव होतं. पुढं वांद्रे-कुर्ला संकुल होतं, त्यालाही नाव होतं. नदीत घुसलेल्या दोन्ही गोष्टी नावानिशी होत्या. आमची वस्ती मात्र नुसती रेघांत.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, इथं माझी आई चाळीस वर्षं राहतेय."

साहेब म्हणाले, "नकाशात तसं काही दिसत नाही."

आता बोला! आई आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादीत नाव आहे, पण नकाशात आई नाही. आणि उद्या बुलडोझर येईल तो आईला विचारून येणार नाही, नकाशा बघून येईल.

मग मी नकाशाच्या वरच्या टोकाला गेलो, नदी जिथून निघते तिथं. विहार तलाव, पवई तलाव, आरे. तिथं सगळा हिरवा रंग. हिरव्याचा अर्थ सूचीत 'वनक्षेत्र व मोकळी जमीन'. आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत हे मला माहीत होतं, कारण त्यातल्या एका पाड्यावरचा पोरगा कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. त्या हिरव्या रंगात एकही पाडा नव्हता.

म्हणजे खाली आम्ही गुन्हेगार आणि वर ते मुळी जन्मलेच नाहीत. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन माणसं पुसून टाकली आणि मधली रेघ निळी करून तिला म्हणायचं पुनरुज्जीवन. दोस्तहो, मी हरकत लिहून दिली नाही. हरकत कशावर घ्यायची? आपण त्या कागदावर असतो तर त्याच्यावर हरकत घेतली असती.

पुढच्या रविवारी त्या मित्राकडे गेलो. त्याच्या मावशीनं, पिकल्या केसांच्या वारली बाईनं, आम्हाला नदी दाखवली. नदी म्हणजे पावसात वाहणारे चार-पाच ओहोळ. ती एकेका ओहोळाशी थांबायची. इथं खेकडे मिळायचे. इथलं पाणी होळीपर्यंत टिकायचं, आता दिवाळीलाच आटतं. इथं वाघदेव. इथून पुढं तबेल्याचं शेण येतं, इथलं पाणी गुरंसुद्धा तोंडाला लावीत नाहीत. पुढं एका जागी तिनं काठीनं मातीत रेघ ओढली आणि म्हणाली, "पोरा, पाणी हितनं जायचं. यांनी भराव टाकला. आता पाऊस झाला की ते रस्ता शोधत फिरतं."

मी तिथंच बसलो. सव्वीस जुलै आठवला. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्ता शोधत फिरणारं ते पाणी आमच्या घरात छपरापर्यंत चढलं. आईनं मला माळ्यावरून पत्र्यावर ढकललं होतं. मावशीच्या मातीतल्या रेघेचं खालचं टोक आमच्या पत्र्यावर येऊन संपत होतं. कार्यालयातल्या भिंतभर नकाशात जे नव्हतं ते त्या म्हातारीच्या काठीत होतं.

नदीचा खरा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या पोरांना मिठी म्हटलं की फक्त वास आठवतो. १८६० साली इंग्रजांनी विहार तलाव बांधून पुरा केला. शहराला नळानं पाणी मिळालं ते तेव्हापासून. नदीचं तोंड तिथंच बांधलं गेलं. १८९०च्या सुमारास पवई झाला. आता नदीला उरलं ते दोन्ही तलावांचं ओसंडलेलं पाणी आणि आरेचे ओहोळ. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत आली, जंगलात गोठे बसले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदी काटकोनात वळवली. १९७७पासून खाडीच्या पाणथळीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उठवलं. आज तिथं एका चौरस फुटाचा जो भाव आहे त्यात आमच्या आळीतल्या एका घराचं महिन्याचं भाडं सहज निघेल. जेमतेम अठरा किलोमीटरची नदी. तिच्यात शहराचं सांडपाणी प्रक्रिया न करताच सोडलं जातं, कारखान्यांचं तेल सोडलं जातं. आणि महापूर आला की दोष कुणाचा? झोपडपट्टीचा. २००५नंतर नदी रुंद करायची, खोल करायची म्हणून हजारो झोपड्या पाडल्या. धावपट्टी एक वीतभर हलली का? संकुलाची एक काच फुटली का? गाळ मात्र दरसाल काढत राहिले. त्या गाळातलं पाणी किती मुरलं ते २०२५ साली बाहेर आलं. गाळ काढण्याच्या कंत्राटांत ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं नोंदवला. म्हणजे घाणीतूनसुद्धा ज्याला खायचं तो खातो, आणि घाण केली म्हणून नाव आमचं.

वरच्या टोकाला काय झालं? मेट्रोची कारशेड आरेतच पाहिजे म्हणून प्रजापूरपाड्यातली कुटुंबं उठवली. २०१९ साली कोर्टात सरकारी बाजू म्हणाली, आरे हे जंगलच नाही. ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. आणि गंमत पाहा. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच आरेतली ८१२ एकर जमीन जंगल म्हणून वनखात्याच्या हवाली झाली. कारशेड पाहिजे तेव्हा जंगल नाही, पर्यावरणाचं नाव मिळवायचं तेव्हा जंगल. दोन्ही वेळेला पाडे होते तिथंच होते आणि दोन्ही वेळेला नकाशावर नव्हते. जंगल नाही म्हटलं की वनहक्क नाही. जंगल आहे म्हटलं की तुम्ही जंगलात घुसलेले. आदिवासींनी उभं तरी कुठं राहायचं? आभाळात?

आपल्याला हे ओळखीचं वाटलं पाहिजे. गावगाड्याचा नकाशा आपल्या बापजाद्यांनी पाठीवर वागवलाय. नदीचा वरचा घाट कुणाचा, मधला कुणाचा आणि सगळ्यात खालचा, सगळ्यांचं धुऊन-विसळून आलेलं पाणी कुणाचं, हे कुणी कागदावर काढलेलं नव्हतं, पण चुकलं तर डोकं फुटायचं. महारवाडा गावाबाहेर आणि पाण्याच्या उताराला. जात हा पाण्याचा नकाशा होता. २० मार्च १९२७ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याची पायरी उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले तेव्हा त्यांनी तो नकाशा फाडला. तळं कायद्यानं आधीच खुलं होतं. १९२३चा बोले ठराव होता, महाडच्या नगरपालिकेचाही ठराव होता. कागद होता, पाणी नव्हतं. म्हणून चालत जावं लागलं.

पण इथं एक गोष्ट उलटी आहे, तिच्यावर नीट विचार करा. गावात आपण उताराला होतो म्हणून घाण पाणी आपल्या वाट्याला. आदिवासी तर उगमाला आहे! मग त्याला पहिलं, स्वच्छ पाणी मिळायला हवं की नाही? शहापूर, वाडा, मोखाड्याला जाऊन बघा. तानसा १८९२चं. वैतरणेवरचं मोडकसागर १९५७चं. मग अप्पर वैतरणा, मग भातसा. २०१४ साली मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा पुरं झालं, शंभर मीटरपेक्षा उंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतले तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे सगळे ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरात, वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या मुलखात. आणि फाल्गुन सरला की त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागतात. समोर धरण भरलेलं, घरात घोट नाही. उगमाला बसूनही तहानलेला राहणारा माणूस बघितला की कळतं, पाण्याचा उतार आता डोंगर ठरवत नाही. तो मंत्रालयातल्या टेबलावर ठरतो.

आता आपल्या घरात येऊ. ते पाणी पितं कोण? मलबार हिल पितं हे बोलून टाळ्या मिळतील. पण आपणही पितो. माझ्या आळीतला नळ पहाटे पाऊण तास येतो आणि त्यात मोखाड्याची वैतरणा येते. तो नळसुद्धा फुकट मिळाला नाही. झोपडपट्टी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ साली सांगावं लागलं, तेही पाणी हक्क समितीनं लढा दिला म्हणून. तानसाच्या जलवाहिन्यांलगत आपलीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. डोक्याएवढ्या पाइपातून शहराचं पाणी घोंघावत जायचं आणि बाजूच्या झोपडीत हंडा कोरडा. २००९च्या कोर्टाच्या आदेशानंतर त्यांना तिथनं उठवलं आणि त्यातल्या हजारोंना माहुलला, रिफायनरीच्या धुरात नेऊन टाकलं. पाइपच्या एका टोकाला धरणात गेलेला आदिवासी, दुसऱ्या टोकाला माहुलला खोकणारा दलित. मधला पाइप शहराच्या मालकीचा.

म्हणून आपल्यातल्या काही शहाण्यांचं मला पटत नाही. ते म्हणतात, नदी-जंगल-झाडं हे पोट भरलेल्यांचे चोचले. रविवारी सायकलवर बसून 'सेव्ह मिठी'चा टीशर्ट घालणाऱ्यांचा धंदा. आपला प्रश्न घर, नोकरी, अत्याचार. त्यांचा राग मला कळतो. त्या टीशर्टवाल्यांना नदी पाहिजे पण नदीकाठची माणसं नकोत, हे मी कार्यालयात डोळ्यांनी बघितलंय. लाल रेघांवर त्यांच्यातल्या एकानंही हरकत घेतली नाही. पण म्हणून नदी त्यांना आंदण द्यायची? पॅंथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यानं दलित कोण ते सांगून ठेवलंय. त्यात अनुसूचित जमाती आहेत, भूमिहीन आहेत, कष्टकरी आहेत, स्त्रिया आहेत. आपण जाहीरनामा वर्धापनदिनाला वाचतो आणि आरेतल्या पाड्यावर बुलडोझर गेला की 'तो त्यांचा प्रश्न' म्हणतो. हे ढोंग आधी आपल्या घरातून काढू या.

आणखी एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. कुणीतरी म्हणेलच, अरे, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते! होते. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पुढं नेली, १९४५ साली कटकला जाऊन ओरिसाच्या नद्यांवर परिषद घेतली. पाणी वाया घालवू नका, साठवा, त्यातून वीज काढा, शेती भिजवा, दारिद्र्य हटवा, ही त्यांची भूमिका. मला तिची लाज वाटत नाही. उपाशी देशाला ते दुसरं काय सांगणार होते? पण त्यांच्या त्या भूमिकेचा कणा होता तो गरिबाच्या घरात पाणी आणि वीज पोचण्याचा. धरण बांधलं आणि ते पोचलंच नाही, उलट गरिबाचंच घर बुडालं, तर बाबासाहेबांच्या नावानं त्या धरणाची पूजा घालायची की त्यांच्याच मोजपट्टीनं त्याचा हिशोब मागायचा? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी नंदुरबारच्या डोंगरातली, आदिवासींची. २०१७ साली त्याचं लोकार्पण झालं. लोक कुठले आणि अर्पण कुणाला, हा हिशोब मागणं म्हणजेच बाबासाहेबांच्या वाटेनं जाणं, असं मी मानतो. कुणाला वाद घालायचा असेल तर या, कुर्ल्यात चहा पाजतो.

पॅंथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या पॅंथरांवरून घेतलं. तर त्याच अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नावाची नदी आहे, क्लालम आदिवासींची. १९१३ साली तिच्यावर विजेसाठी धरण बांधलं, पुढं १९२७ला दुसरं. सामन मासा वर चढेना. क्लालम म्हातारे सांगत राहिले की आपली जमात जिथं निर्माण झाली ती जागा त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. गोऱ्यांच्या नकाशावर तिथं फक्त तलाव. लढा चालू राहिला, १९९२ला कायदा झाला, २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं तोडली. पाणी उतरलं आणि ती जागा वर आली. म्हाताऱ्यांनी सांगितली होती तिथंच. शंभर वर्षं नकाशा खोटा होता आणि म्हाताऱ्यांची जीभ खरी होती.

तिकडंच क्लॅमथ नदी. २००२ साली पाणी कमी सोडलं म्हणून तीस हजारांहून जास्त सामन मरून काठाला लागले. युरोक, करूक या जमाती पेटल्या. रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या, कंपनीच्या दारात बसल्या. २०१९ला युरोकांनी ठराव करून नदीला माणसासारखे हक्क दिले. २०२४पर्यंत चार धरणं पाडली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सामन धरणांच्या जागेवरून वर चढले, शंभरहून जास्त वर्षांनी. अमेरिका काही स्वर्ग नाही. २०१६ला स्टँडिंग रॉकच्या सू लोकांच्या पाणवठ्याखालून तेलाची नळी नेताना त्यांच्यावर कुत्री सोडली होती, थंडीत पाण्याचे फवारे मारले होते. पण एक धडा घेण्यासारखा आहे. जिथं नदी परत आली तिथं तिचं काम नदीच्या माणसांच्या हातात होतं. कुठं मासा अंडी घालायचा, कुठलं झाड काठ धरून ठेवायचं, ही माहिती त्यांच्याकडं होती, आणि ती नकाशावर आणण्याचा हक्क त्यांनी भांडून मिळवला.

आपल्याकडं असा हक्क नाही का? आहे! २००६चा वनहक्क कायदा उघडून बघा. पाणवठे आणि त्यातले मासे यांवरचा सामूहिक हक्क त्यात आहे. आपलं जंगल राखण्याचा, पुन्हा उभं करण्याचा हक्क आहे. कलम ५ तर सरळ सांगतं की पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे बघण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवून दाखवला. म्हणजे ज्याला साहेब 'पुनरुज्जीवन' म्हणतात ते कायद्यानं आदिवासींचं काम आहे, कंत्राटदाराचं नव्हे. पण महाडचं तळंही कायद्यानं खुलं होतं, हे विसरू नका.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नकाशा आपण काढायचा.

प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यात जागा टिपता येते, फोटो काढता येतो, वाट आखता येते. आपण त्यावर रील बघतो. चार रविवार द्या. कुर्ला, साकीनाका, धारावीतली पोरं आणि आरेच्या पाड्यांवरची पोरं मिळून उगमापासून माहीमच्या खाडीपर्यंत चालत जाऊ. म्हाताऱ्यांना पुढं घालू. प्रत्येक ओहोळाला पाड्यावरचं नाव लिहू. प्रत्येक वस्तीचं नाव, घरं किती, कधीपासून, नळ किती, संडास किती, हे लिहू. कुठल्या नाल्यातून काय येतं आणि कुणाकडून येतं ते लिहू. भराव कुणी टाकला ते लिहू, मग तो टॉवरवाला असो की आपल्याच वस्तीतला पुढारी. हो, आपल्यातलेही भंगार जाळतात, ड्रम धुऊन तेल नदीत सोडतात. तेही लिहायचं. खोटा नकाशा आपल्याला नको, तो त्यांच्याकडं आहे.

आणि मग तो नकाशा घेऊन त्या कार्यालयात जायचं. मागणी एकच ओळीची. ज्या नकाशावर पाडा आणि वस्ती नावानं नाही, त्या नकाशावर एक रुपया खर्च करायचा नाही. नदीसाठी घर हलवावंच लागलं तर आधी धावपट्टी आणि संकुलाचा हिशोब, मग आमचा. आणि घर दिलं तर त्याच भागात दिलं पाहिजे, माहुलला नाही. आरेत पाड्यांचे हक्क आधी, बागकाम नंतर.

मावशीला मी विचारलं होतं, नकाशा काढू या का. ती हसली. म्हणाली, "काढ की. पण पावसात ये. उन्हाळ्यात नदी खोटं बोलते."

तर मृगाचा पहिला पाऊस पडला की त्या रविवारी सकाळी सात वाजता मी आरेत उभा असेन. छत्री आणू नका, हात मोकळे लागतील. वह्या प्लास्टिकात गुंडाळून आणा.

जयभीम. जय आदिवासी.